चुकलेली नळी

रेथा कॉडिल त्या दारापर्यंत आली, ठोठावायला हात उचलला आणि तसाच खाली घेऊन पुढे निघून गेली. वॉर्डाच्या टोकाला खिडकी होती. समोरचा डोंगर बघायचा बहाणा करून ती तिथे उभी राहिली.

कालपासून तिचं हेच चाललं होतं. कॅन्टीनमध्ये ती भिंतीकडे तोंड करून बसली. आईचा फोन आला, तो उचलला नाही. आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती, "आमची रेथा आता माणसांना झोपवते, आणि परत उठवतेसुद्धा!"

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या याच डोंगराळ भागातल्या दुसऱ्या एका इस्पितळात रेथा अतिदक्षता विभागात नर्स होती. नवे डॉक्टर अडले की हळूच तिच्याकडे बघायचे. पेशंटच्या नुसत्या श्वासावरून ती सांगायची, हा संध्याकाळपर्यंत बिघडणार. मग तिच्या मनाने घेतलं, शिकून भूल देणारी नर्स व्हायचं. पहिल्यांदा प्रवेश मिळाला नाही. तिने रसायनशास्त्र पुन्हा केलं, ड्यूटी संपली की पार्किंगमध्ये गाडीतच पुस्तकं उघडली, पुन्हा अर्ज केला. अखेर प्रवेश मिळाला, नोकरी सोडली आणि चाळिशीला टेकलेली रेथा पोराटोरांच्या रांगेत बसली. छातीवरच्या बिल्ल्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : विद्यार्थिनी.

आणि काल ते घडलं.

तिला शिकवणारी मार्व्हा प्रॅटर स्वतः जुनी भूल देणारी नर्स. तिने आयत्या वेळी शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून रेथाला हाक मारली. "ये, याची नळी तू घाल." रेथा पोचली तेव्हा पेशंट झोपलेला होता. डोळ्यांवर चिकटपट्ट्या, तोंडावर मास्क, मास्कखालून पांढरी दाढी. तिने नळी घातली.

"श्वासनलिकेत नाहीये," मार्व्हा म्हणाली.

"आहे. मी डोळ्यांनी पाहिलं."

"पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट आहे, रेथा."

"आहे म्हणते ना मी!"

मार्व्हाने तिचा हात बाजूला सारला, नळी उपसून काढली, मास्कने श्वास दिला आणि दुसरी नळी बरोबर बसवली. रेथाची नळी अन्ननलिकेत गेली होती. तेवढ्या वेळात म्हातारा निळा पडला होता. मग पुन्हा रंगावर आला. ओठ फाटला, बाकी काही झालं नाही.

मार्व्हा नंतर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नळी कुणाचीही चुकते. माझीही चुकलीय," ती म्हणाली. "पण तू भांडत बसलीस, आणि तो श्वासावाचून पडून होता. त्याला मी सगळं सांगितलंय. तू काय करायचं ते तू बघ."

रेथाने ठरवलं होतं, हे शिक्षण सोडायचं. पण आधी त्या माणसासमोर उभं राहायचं. खोलीचा नंबर कालच पाहून ठेवला होता. वॉर्डाच्या टेबलामागच्या नर्सला पुन्हा विचारायचं, तर तिच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.

ती मागे वळली आणि दार ठोठावलं.

"ये, ये. उघडंच आहे."

पांढऱ्या दाढीचा म्हातारा उशीला टेकून बसला होता. बाजूच्या डब्याकडे हनुवटी करून म्हणाला, "बायकोने बीन्स आणि मक्याचा पाव आणलाय, आणि हे लोक तोंडाला लावू देत नाहीत. नुसत्या वासावर आहे बघ मी."

रेथा बसली नाही. फरशीकडे बघत म्हणाली, "मी रेथा. काल ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घातली ती मी."

"पोरी, अगं थांब, तुझी काहीतरी..."

"मला अडवू नका. अडवलंत तर पुन्हा बोलता यायचं नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली.

तिने सगळं सांगितलं. सपाट रेघ सांगितली, स्वतःचा हट्ट सांगितला. "चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं. पण इतकी वर्षं लोक मला विचारत आलेत. कबूल करायची लाज वाटली. तिकडे जीव घुसमटत होता आणि मी माझं नाक सांभाळत होते. ओठ फाटला तोही माझ्याच हाताने."

म्हाताऱ्याने ओठावरून बोट फिरवलं.

"असं होतं तेव्हा माणसाला कळतं का गं काही?"

"नाही. गाढ झोपेत असतो."

"आणि ती तुझी मास्तरीण? ती तिथेच असते?"

"पूर्ण वेळ."

"पुन्हा रेघ सपाट दिसली तर काय करशील?"

"नळी आधी बाहेर काढीन. तोंडातून शब्द न काढता. पण आता मी नळी घालणारच नाहीये. सोडतेय मी हे."

म्हातारा उशीवरून पुढे सरकला.

"मी खाणीत होतो," तो म्हणाला. "आमच्या एका मुकादमाच्या चुकीने छत खाली आलं. नशिबाने कुणी गेलं नाही. तो सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, माझं चुकलं. रडत होता. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याच्या टोळीत नाव घातलं. बायको म्हणाली, वेड लागलंय मेल्याला."

"म्हणजे तुम्ही मला माफ केलंत?"

"त्यासाठी माफ करणारा मी कोण, बाळ?"

किती मोठ्या मनाचा माणूस, असं रेथाला वाटलं आणि तिला रडू कोसळलं. तिने त्याचा हात घट्ट धरला. मनगटावरची नावाची पट्टी तिच्या बोटांना लागली. मग ती डोळे पुसत बाहेर आली, थोडा वेळ बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत राहिली, आणि कालपासून पहिल्यांदाच मान वर करून वॉर्डाच्या टेबलापाशी आली.

"रेथा तूच ना?" टेबलामागची नर्स म्हणाली. "मार्व्हाला एक निरोप दे. तुमचे कालचे पेशंट एव्हरसोल सकाळीच घरी गेले, त्यांच्या खोलीत हे स्लोन आलेत, दुपारी पित्ताशय काढायचंय त्यांचं. आत्ताच घंटा वाजवून सांगितलंय मला : भूल द्यायची तर ती रडणारी पोरगी देईल, नाहीतर कपडे घालून मी चाललो घरी."