उजवा हात

स्टीलची दांडी, सांध्यापाशी गंजलेली.

जाळीबाहेर उभा एक माणूस, हातात लहान मुलीच्या चपला.

होडीची निळी कड, रंगाचे तीन थर.

"शिंपडून घ्यायला मी काय भाजीची जुडी आहे?"

हे शेवटचं वाक्य नावाड्याचं, पाळकांना उद्देशून. पासष्टीचा नावाडी रविवारी बाप्तिस्मा घेणार आहे. या वयात नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे, अशी पाळकांना काळजी. डोक्यावर तीन ओंजळी घालू, ते म्हणाले, देवाला चालतं.

"देवाला चालत असेल. मला चालत नाही. सगळा देणार म्हटलंय, तर सगळा बुडणार."

अडचण एकच. जन्मभर पाण्यावर राहिलेल्या या माणसाला पाण्याखाली जाता येत नाही.

म्हणून आज शुक्रवार, दुपारचे अडीच. पोहण्याचा तलाव लोकांसाठी बंद. उथळ टोकाला दोघंच, कमरेइतक्या पाण्यात नावाडी आणि समोर गळ्यात शिटी अडकवलेली त्याची पुतणी. ती इथे पोहायला शिकवते.

"श्वास घ्या. गुडघे वाकवा. खाली."

डोकं गेलं, खांदे गेले. उजवा हात वरच राहिला, तलावाच्या काठावरच्या दांडीला घट्ट.

"हात, काका."

"गेला नाही का?"

"छे. वर बसून मजा बघत होता."

दुसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. सातव्यांदा पुतणी हसायची थांबली. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एवढं काय अडलंय? धरा की दांडी. पाळक काय मोजत बसणारेत, काका किती बुडाला नि किती उरला?"

"मी बसणार ना मोजत." तो धापा टाकत होता. "होडी सोडली. दारू सोडली. शिव्यांचं बघतोय. आणि आता हा हात मागे ठेवून म्हणू, घे बाबा, सगळं तुझं? अशी लबाडी मी उतारूंशी कधी केली नाही, त्याच्याशी करू?"

"मग मी सोडवते बोटं. एकेक करून."

"हात लावू नकोस!"

आवाज कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीवर आपटून परत आला. मग तो दांडीकडे बघतच बोलला, हळू.

"तुझा बाप पाण्यात पडला ना, तेव्हा हा हात होडीच्या कडेला होता. कड सोडली असती तर त्याच्यापर्यंत पोचलो असतो. नाही सोडली."

पुतणीने शिटीची दोरी बोटाला गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली.

"आई तर म्हणते, भोवरा होता."

"तिला मीच तसं सांगितलं."

"म्हणजे तू..." जन्मात पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली. "आणि आता सगळं देवाच्या गळ्यात घालून मोकळा होणार? तो माफ करणार, तू रविवारी कोरडे कपडे घालून जेवायला येणार. आणि मी? मला कुणी विचारायचं?"

"मोकळं व्हायला नाही आलो. पाळकांना सांगून झालंय. देवाला तर तीस वर्षं माहीतच आहे. राहिली होतीस तू."

"पोहायला शिकवणारे गावात आणखी तिघं आहेत."

"तिघांनाही ओळखतो मी."

ती मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं, हात पोचणार नाही इतकी. मग तिने हाताची घडी घातली.

"मी धरणार नाही."

"कुणी सांगितलंय धरायला?"

नावाड्याने मान वर केली. आभाळात काही नव्हतं, एक ढगसुद्धा. तरी तो तिकडे बघत राहिला, जुन्या भांडणाला उभा राहिल्यासारखा.

"तूपण धरू नकोस," तो म्हणाला. "घे नुसता."

करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. अंगठा सगळ्यात शेवटी. डोकं गेलं, खांदे गेले, कोपर गेलं. उघडा पंजा क्षणभर पाण्यावर राहिला आणि तोही गेला.

दांडीवर बोटांचे ओले ठसे उरले. उन्हात ते कडेकडेने वाळायला लागले. बुडबुडे आले, मग तेही थांबले. पुतणीची घडी तशीच होती. टाचा मात्र तळावरून उचललेल्या.

तो वर आला. खोकला, थुंकला. दोन्ही हात हवेत, कशालाच न धरलेले.

"झालं?"

"एकदा कुणालाही जमतं." तिचा आवाज चिरकला. "पुन्हा."

तो पुन्हा खाली गेला.

ती पाच वर्षांची असताना तिला पहिल्या दिवशी या तलावावर नावाड्यानेच आणलं होतं, आणि वर्ग सुटेपर्यंत तो तिच्या चपला घेऊन जाळीबाहेर उभा होता.