नापसंतीचा फोन

आमच्या छोट्या गॅलरीत दरवर्षी मी सामूहिक प्रदर्शन भरवते. परीक्षकांनी ज्यांची चित्रं निवडली त्यांना पत्र जातं. ज्यांची नाकारली त्यांना मी स्वतः फोन करते, तेवढीच समजूत. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर सलग आठ वर्षं नापास. दर वेळी तेच मला धीर द्यायचे आणि मग गुडघेदुखीपासून खिडकीतल्या कुंडीपर्यंत तासभर बोलत बसायचे. यंदा त्यांचं चित्र निवडलं गेलं आणि मी हुश्श केलं.

आठवड्याने त्यांचाच फोन आला.

"यंदा तुमचा फोन नाही आला, बाई."

"अहो मास्तर, चित्र निवडलंय तुमचं. पत्र नाही मिळालं?"

"मिळालं की," मास्तर म्हणाले.



"पुढच्या वर्षी थोडं वाईट काढीन म्हणतो."