किहाप

"पोटातून ओरडा, काकू! नुसता पाय उचलून भागत नाही," सर म्हणाले. शाळेच्या हॉलमध्ये तायक्वांदो शिकणारी पोरं फिदीफिदी हसली. लाथ मारताना ठोकायच्या आरोळीला कोरियन भाषेत किहाप म्हणतात. वैजयंतीबाईंची लाथ आता कमरेपर्यंत जायची, गुडघ्यांची कुरकुरही थांबली होती. पण आरोळीच्या जागी घशातून नुसती खरखर निघायची.

"सवय नाही हो राहिली," त्या पुटपुटल्या. हे गेल्यापासून घरात बोलणार कुणाशी? दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून निघून जायचा. मुलगा रविवारी फोन करायचा, तोही "आई, तुझा आवाजच येत नाहीये" म्हणून ठेवून द्यायचा.

"मग घरी सराव करा," सरांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी सोफा सरकवला, कमरेचा पट्टा आवळला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत लाथ झाडली. "हाऽऽय्या!" आवाज एवढा मोठा निघाला, की त्या स्वतःच दचकल्या.

लगेच दारावर धडाधड थापा पडल्या. समोरच्या घरातली सून लाटणं उगारून उभी होती, हाताला कणीक तशीच. "काकू, कोण शिरलंय घरात?"

"कुणी नाही गं. कुणीच नाही. मीच आहे." त्यांना हसू आवरेना. "आलीच आहेस, तर चहा घेऊन जा."

ती हात धुऊन बसली, ती चांगली दिवेलागण होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी आधी दोन कप चहाचं आधण ठेवलं. ते उकळायला लागलं, आणि मग त्या ओरडल्या.