दारं काढणाऱ्या बाई

बहिणीच्या घरी पोचेपर्यंत बाईंचा पारा चांगलाच चढला होता. मुलगी सकाळी कपड्यांची पिशवी उचलून इथे निघून आली होती. भांडण नाही, तंटा नाही. "मावशीकडे खोलीला दार आहे," एवढंच फोनवर सांगून मोकळी.

घरं सजवण्यात बाईंचं नाव मोठं. घरातली आतली दारं काढून टाकायची ही त्यांचीच कल्पना. लोक आधी हसले, मग त्यांनी नाकं मुरडली, मग रांगा लावल्या. आता तर ज्याला त्याला दारं नकोशी झाली होती. बाईंच्या स्वतःच्या घरात बाथरूमखेरीज एकही आतलं दार उरलं नव्हतं, आणि बाथरूमचंही केवळ नाइलाज म्हणून.

"ये ताई! अगदी वेळेवर आलीस!" बहीण खुशीत होती. "बघ तरी काय चाललंय!"

आत सुतार लहान खोलीचं दार उतरवत होता. दार एका बिजागरीवर लोंबत होतं. पलीकडे पलंगावर मुलगी पिशवी कवटाळून बसली होती. चेहरा कोरडा, ओठ घट्ट.

"इथेही आलीसच का तू?" ती आईला म्हणाली.

"अगं, मी आत्ता पाय ठेवतेय!"

"तू नाही. तुझं हे." तिने दाराकडे हनुवटी उडवली.

बाई बहिणीवर घसरल्या. "तुला आजचाच मुहूर्त मिळाला?"

"सुतार मिळतोय कुठे? सगळे तुझ्याच कामांवर!"

"पोरगी दारासाठी तुझ्याकडे आलीय, कळतंय का तुला?"

"पण तूच म्हणतेस ना, दार म्हणजे घरच्यांवरचा अविश्वास? मी मैत्रिणींना तोंडपाठ म्हणून दाखवते."

"म्हणाले असेन! डोकं खाऊ नकोस माझं." बाई सुताराकडे वळल्या. "लावा हो ते परत."

"मॅडम, काढू की लावू, एकदा काय ते ठरवा," सुतार वैतागला. "आणि लावायचं तर कुणीतरी धरा. मला काय चार हात आहेत?"

बाईंनी पर्स खाली टाकली आणि दाराला खांदा दिला. आजवर इतकी दारं उतरवली, पण एकाचंही वजन त्यांनी स्वतः पेललं नव्हतं. खांदा भरून आला. "अजून वर. अहो, वर म्हणजे वर! आता हलू नका," सुतार खेकसत होता. बाईंशी या सुरात बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या निमूट उभ्या राहिल्या.

शेवटचा स्क्रू बसला. बाईंनी घाम पुसला. "झालं ना मनासारखं? चल आता घरी."

मुलगी उठली, दारापर्यंत आली आणि तिने ते हलकेच लोटून घेतलं. आतून कडी लागली.

"घे! आता?" बहीण म्हणाली.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं, पण बंद दारापुढे काय ओरडायचं ते सुचेना. कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्या तिथेच फरशीवर बसल्या. स्वतःच्या घरी असत्या तर एव्हाना मान वळवून मुलीकडे नुसतं पाहिलं असतं. इथे काहीच दिसत नव्हतं. विचारावंच लागलं.

"रडतेयस का गं?"

आत पलंग करकरला. मग अगदी दाराला लागून आवाज आला.

"हो. तू थांब तिथेच."