वाफेवरची रताळी

आधी माथा गाठला, तर नातीचं नाव ठेवायचा मान कुमुदिनीबाईंचा, नाहीतर विहीणबाईंचा. बालीतल्या डोंगरगावातून ज्वालामुखीकडे निघतानाच दोघींची पैज ठरली होती. विहीणबाईंना संकष्टी, म्हणून कुमुदिनीबाई निर्धास्त.

माथा हाताशी आला आणि मागे विहीणबाई मटकन बसल्या. वाटाड्याने कपारीतल्या वाफेवर उकडलेलं अंडं पुढे केलं.

"अहो, उपास आहे माझा!"

कुमुदिनीबाई चरफडत खाली उतरल्या. गावात घेतलेली रताळी त्यांनी त्याच कपारीत उकडली. "खा मुकाट्याने. पडलात तर पोरं मलाच बोलतील."

खाऊन विहीणबाई तरतरीत उठल्या आणि भराभरा वर पोचल्यासुद्धा. "ताई, ऋजुता हं!"

नाव चांगलं होतं, हे आणखी झोंबलं. मान विहीणबाईंना मिळाला. किंमत कुमुदिनीबाईंनी मोजली, तीही सोलून, फुंकर घालून.