बारापैकी बारा

"किती होते म्हणालास?" बंडूजीने पुन्हा विचारलं.

"बारा, काकाजी."

"नीट मोजले?"

"मोजाले येळच येळ होता," रूपराव म्हणाला. "एकेक करून म्याच पेटवले. बाराच्या बारा ओले. एकबी वर गेला नाई."

रूपराव आर्वीचा. बंडूजीचा हरिदास आणि तो आरमारात एकाच जहाजावर होते. वादळात त्यांची होडी जहाजापासून तुटली. होडीत इशाऱ्याचे बाण होते. आकाशात लाल तारा सोडायचा, म्हणजे लांबच्या जहाजाला कळतं की इथे माणसं आहेत. एक मोठं जहाज मैलाभरावरून गेलं. त्याला काही दिसलं नाही. सांजेला होडी उलटली आणि पाचांपैकी एकटा रूपराव वाचला.

देवळी गावातल्या बंडूजीच्या ओसरीवर हरिदासची आई भागीरथा डाळ निवडत बसली होती. ती ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. चार महिन्यांत तिचं रडणंही आटलं होतं.

बंडूजीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण समुद्रावर जाणारे बाण त्याच्याच हाताखालून जात. सायकलीने तासाभराच्या वाटेवर दारूगोळ्याचा डेपो होता. तिथल्या चाचणीच्या मैदानावर माणसं दोनच, बंडूजी आणि हिरालाल. काम सरळ होतं. पेटीत बारा बाण. पटाशीने झाकण उचकटून पेटी उघडायची, एक उडवून बघायचा, उरलेल्या अकरांवर झाकण ठोकून शिक्का मारायचा. उडवलेला फुसका निघाला की अख्खी पेटी परत.

पहिल्याच वर्षी एका बाणाने बंडूजीच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून नेली. हा पठ्ठ्या आठव्या दिवशी फडकं बांधून कामावर हजर. तेव्हापासून बंडूजीचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबसुद्धा म्हणत.

खंडेनवमीला तर त्याचा उत्साह बघावा. नवी कोरी पेटी मैदानात मधोमध मांडायची, हिरालालने नारळ फोडायचा, बंडूजीने तेलात कालवलेल्या शेंदराचा पंजा झाकणावर उमटवायचा. पूजेच्या पेटीला पटाशी लावायची नाही. ती तशीच बाकीच्यांबरोबर रवाना व्हायची. हरिदास दर्यावर गेल्यापासून हात टेकवताना बंडूजी डोळे मिटून जरा जास्तच थांबे. तो शेंदूर म्हणजे महाचिवट. चार दिवस हातावरून निघत नसे. "भाकरीलेबी रंग लागून राह्यला तुमचा," असं भागीरथा म्हणे आणि राखेने त्याचा हात घासत बसे. हे सगळं हरिदास होता तेव्हाचं.

"बारा म्हणजे पेटी उघडलीच नाई," बंडूजी आता म्हणाला. "उघडली असती त अकरा राह्यले असते. अन् जो उडवला असता, तोबी ओलाच निघाला असता. कोनंतरी न उघडता शिक्का हानला."

कोणीतरी कशाला, त्याच्या मनात नाव ठरलेलं होतं. हिरालाल तंबाखूचा शौकीन, कामात जरा ढिला. बातमी आली त्या दिवसापासून बंडूजीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. एकदा भर मैदानात त्याला मायबहिणीवरून शिव्या घातल्या. हिरालालने पुढची पेटी उघडायला घेतली होती.

"पेटीचा नंबर?"

"नंबर खाऱ्या पान्यानं गेला. पन झाकनाची फळी आनली हाय." रूपरावाने गोणपाटात शिवलेलं एक लांबट बोचकं पुढे केलं. "दीड दिवस हिच्यावरच तरंगलो मी. एक खून राह्यली हाय हिच्यावर. तुमच्या डेपोतलीच असन. पाहा, तुमाले ओळखू येते का."

बंडूजीने फळी छातीशी धरली. पोराचं म्हणून समुद्रातून परत आलेलं तेवढंच होतं.

"इथं नाई उघडत," तो म्हणाला. "त्याच्या दारात उघडतो. पाहू दे साऱ्या मोहल्ल्याले."

हिरालालचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. हाक ऐकून तो बाहेर आला. त्याने आधी रूपरावाकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे.

"बारा निघाले, हिरालाल!" बंडूजी ओरडला. "बाराच्या बारा!"

"मालूम हाय."

"मालूम हाय?"

"सारे ओले निघाले म्हून खबर आली, तवाच समजलो." हिरालाल ओट्यावरून खाली उतरला. "बंडूजी, माह्याच हातून झालं. सायबाले तसं लिहून देतो. नोकरी जाईन त जाऊ दे. पन ते फळी उघडू नको. घरी ने अन् चुलीत घाल."

चार महिने बंडूजी हे शब्द ऐकायला तडफडत होता. हिरालाल कबूल झाला की त्याचा गळाच धरायचा, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. आता हातच उचलेना. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"माहा एकुलता एक होता रे. तुह्या मांडीवर खेळला."

"खेळला ना," हिरालाल म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "म्हूनच सांगतो. नको उघडू."

भागीरथा मागून कधी येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नाही. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती.

"उघडा," ती म्हणाली. "कोनाच्या हातानं गेला माहा हरिदास, ते मले पाहू द्या."

बंडूजीने डोळे पुसले. दातांनी सुतळी तोडली आणि गोणपाट सोडवलं. मिठाने लाकूड पांढरं पडलं होतं. नंबर नव्हता, शिक्काही नव्हता. मधोमध शेंदराचा एक पंजा तेवढा राहिला होता: एक अंगठा, तीन बोटं, आणि तर्जनीच्या जागी कोरं लाकूड.