आधी चाखलेला घास

समुपदेशक बाईंनी माझ्या हेरंबच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. "आवाज आला तर त्याच्याशी भांडू नका. येऊ द्या, जाऊ द्या. लक्ष बेदाण्यावर ठेवा."

"आणि याला उपचार म्हणायचे?" मी विचारले. बाई कसल्या, कालची पोर; त्या समुपदेशक मुलीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

गोळ्या चालू होत्या, तरी 'अन्नात विष आहे' असा आवाज माझ्या मुलाला ऐकू येई. मी आधी चाखल्याशिवाय तो घासही घेत नसे. सवयीने त्याने बेदाणा माझ्यापुढे धरला. मीही हात पुढे केला.

त्याने मूठ मिटली. "आई, तो बोलतोय, विष आहे म्हणून." मग स्वतःच म्हणाला, "बोलू दे." आणि बेदाणा तोंडात टाकला.

तो गिळेपर्यंत मी त्याच्या गळ्यावरून नजर हटवली नाही. मग बाईंना बजावले, "एकाने काय होते? वाटीभर आणा."